दर दहा मिनिटांनी एक रणगाडा

वरच्या डेपोच्या कंट्रोलरनं सव्वीस वर्षांत कुणावर हल्ला केला नव्हता. ओरडला भरपूर होता, पण ते नोकरीतच येतं. अडतीस बसगाड्या, त्र्याऐंशी ड्रायव्हर, आणि कोण कुठली गाडी घेऊन किती वाजता बाहेर पडणार याचा टेबलावर पसरलेला चादरीएवढा तक्ता. तो तक्ता, एक पेन्सिल आणि एक खोडरबर, एवढ्यावर त्याचं राज्य चालायचं. अशा माणसाला येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता शत्रूचं मुख्यालय जिंकायचं होतं, आणि आज रविवार होता.

झालं होतं असं की वरचा डेपो आणि खालचा डेपो एक करायचे ठरले. डेपो एक म्हणजे कंट्रोलर एक. उरलेल्या कंट्रोलरला तळघरात, ‘हरवले-सापडले’ विभागात. तिथं एकशे चाळीस छत्र्या, एका पायाचे बूट, दोन कवळ्या आणि कुणीतरी बसमध्ये विसरलेला एक पिपाणीवजा बाजा होता. खिडकी नव्हती. खिडकीतून गाड्या दिसत नाहीत अशा खोलीत आपण किती दिवस जगू, याचा हिशोब कंट्रोलरनं एकदा करून पाहिला होता आणि मधेच सोडून दिला होता.

आता दोघांतून एक निवडायचा म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचं, आणि मॅनेजरसाहेबांना तर चहाला सुद्धा नाही म्हणता यायचं नाही. त्यांनी हेड ऑफिसातून एक ट्रेनर बोलावला. ट्रेनर म्हणाला, माणसाचं नेतृत्व मुलाखतीत कळत नाही, युद्धात कळतं. युद्ध परवडण्यासारखं नव्हतं म्हणून कॉम्प्युटरवरचा खेळ काढला. मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं पाडलेला नकाशा. एका टोकाला आपलं मुख्यालय, दुसऱ्या टोकाला समोरच्याचं. रणगाडे, तोफा, पायदळ, टेहळणीला मोटरसायकली. आधी आपण आपल्या सगळ्यांना एकेक चाल द्यायची, ‘चाल संपली’ हे बटण दाबायचं, मग समोरच्यानं. ज्यानं दुसऱ्याच्या मुख्यालयात पाय ठेवला तो जिंकला.

समोर होती खालच्या डेपोची कंट्रोलर. तिला दोन्ही डेपोंत शिट्टीबाई म्हणत. गळ्यात स्टीलची शिट्टी, आणि ती वाजली की चालत्या गाडीचा ड्रायव्हरच काय, बसलेला प्रवासी सुद्धा उठून उभा राहायचा.

“मग शिकवणी लावा की,” बायको म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “घरात सेनापती आहेच.”

सेनापती सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. सासूबाई दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून आल्या होत्या. डोळा बरा झाला, पंधरा दिवस काही संपले नाहीत. तीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून काढलेली बाई. रिटायर झाल्यावर हुकूम सोडायला कुणी नाही म्हणून कासावीस झालेली. नातीनं जुना टॅब हातात दिला, त्यात असाच एक खेळ होता, आणि महिन्याभरात सासूबाईंच्या हाताखाली चार पलटणी आल्या. दुपारी त्या चहा पिता पिता कुठल्या कुठल्या अनोळखी देशांतल्या कॉलेजातल्या पोरांची शहरं घेत आणि “बिचारा, परीक्षा असेल त्याची” असं म्हणत.

“जावईबापू,” टॅबवरून नजर न हलवता त्या म्हणाल्या, “हात धुऊन या. आणि खोडरबर बाहेर ठेवा. इथं खोडता येत नाही.”

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त बघायचं ठरवलं. जावयानं रणगाडे पुढं काढले, एका टेकडीपाशी नेले, आणि पुढच्या चालीला परत मुख्यालयात आणून ओळीत उभे केले. मग पुन्हा बाहेर. मग पुन्हा आत. सहाव्या चालीपर्यंत सासूबाईंनी चालू दिलं. वॉर्डातही त्या चुकणाऱ्या नर्सला आधी पूर्ण चुकू देत.

“हे काय चाललंय?”

“गाड्या डेपोत आणतोय.”

“का?”

“ड्युटी संपली ना त्यांची. गाडी रात्रीची रस्त्यावर कशी सोडायची, आई? कुणी आरसा काढून नेला तर?”

“जावईबापू, तो रणगाडा आहे. त्याचा आरसा कोण काढतंय? जिंकलेल्या जागेवर त्याला उभा राहू द्या. तुम्ही टेकडी घेता आणि परत देता. ही लढाई आहे की वाचनालय?”

स्वयंपाकघरातून बायकोनं तोंडावर ओढणी दाबून हसल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी जावयाचे रणगाडे बाहेरच राहिले, पण त्याचा जीव डेपोत राहिला. नकाशावर काळोख्या जागा होत्या. आपला माणूस जवळ गेल्याशिवाय तिथं काय आहे ते दिसायचं नाही. सासूबाईंनी सांगितलं होतं, आधी मोटरसायकल पाठवा, बघून येऊ दे, मग बाकीचे. कंट्रोलरला ते पटलं नाही. नवीन रूट सुरू करायचा म्हणजे तो स्वतः आधी फिरून यायचा, वळणं बघायचा, झाडाच्या फांद्या बघायचा. त्यानं सेनापतीची जीप काढली आणि एकटीच जंगलात घातली.

जंगलात शत्रूच्या तीन तोफा होत्या.

“गेले,” सासूबाई म्हणाल्या. “तिसऱ्याच चालीला गेले. चांगला माणूस होता. काय बघायला गेला होता तिकडं?”

“फांद्या.”

त्यावर सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. जास्त वाईट बातमी असली की त्या पेशंटच्या नातेवाईकांसमोर असंच करत.

मंगळवारी न्याय-अन्याय निघाला. एक मोठी तोफ जावयानं चांगल्या उंचीवर नेली होती, खालून येणारा शत्रू तिच्या बरोबर टप्प्यात होता, आणि जावई तिला सोडून दुसऱ्याच, मागं राहिलेल्या, काहीच न दिसणाऱ्या तोफेवर बोट ठेवून बसला होता.

“अहो, वरची मारा ना!”

“तिनं लागोपाठ तीनदा मारलंय, आई. बाकीच्या बघत बसल्यात. उद्या युनियनवाले म्हणतील—”

“कुठली युनियन? तोफांची?”

“तत्त्व म्हणून सांगतोय.”

“तत्त्व म्हणून ऐका मग. उंचावर आहे तिला मारू द्या. दमली तरी चालेल. जखमी झाला त्याला मात्र लगेच मागं घ्यायचा, दुरुस्त होऊन परत येतो. तुम्ही बरोबर उलटं करताय. धडधाकटांना रजा आणि लंगड्यांना ओव्हरटाइम.”

कंट्रोलरनं बोट वरच्या तोफेवर नेलं. त्याच्या तक्त्यावरही कधी कधी हेच व्हायचं, हे सासूबाईंना कुणी सांगितलं असेल याचा तो विचार करत होता.

पण खरा घोटाळा बुधवारी उघडकीला आला. बुधवारपर्यंत जावई टेहळणी करायला शिकला होता, टेकड्या धरायला शिकला होता, आणि तरी दर वेळी हरत होता. सासूबाईंनी खुर्ची त्याच्या बाजूला ओढली आणि त्याचे रणगाडे कसे निघतात ते बघितलं. एक निघाला. दोन घरं पुढं गेल्यावर दुसरा निघाला. त्याच्यामागं दोन घरं सोडून तिसरा. एका रेषेत, सारख्या अंतरावर, बघायला फार सुंदर. पहिला पुलावर पोहोचला, शत्रूच्या चार तोफांनी मिळून त्याला उडवला. मग दुसरा पोहोचला, त्याला उडवला. तिसरा आपली वेळ चुकू न देता आला.

“हे असं का पाठवताय?” त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

“अंतर राखून. दर दहा मिनिटांनी एक.”

“अगं बाई.” सासूबाई मागं टेकल्या. “अहो, शत्रूला एवढी नियमित सेवा आजवर कुणी दिली नसेल. त्याला रांगेत सुद्धा उभं राहावं लागत नाही!”

“आई, गाड्या एकापाठोपाठ एक चिकटून गेल्या तर त्याच्याएवढं पाप नाही. सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. दोन गाड्या एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, बस. त्याच्यासाठी मी माणसं घरी पाठवलीत.”

“असं? मग मी दर गुरुवारी देवळात जाते तेव्हा काय होतं? चाळीस मिनिटं स्टॉपवर उभी असते. एक गाडी नाही. चाळीस मिनिटांनी तीन एकदम येतात. पहिली भरून, मागच्या दोन रिकाम्या, आणि तिन्ही एकमेकांच्या ढुंगणाला नाक लावून.”

“ते ट्रॅफिकमुळं होतं.”

“कशामुळं का होईना. जे तुमच्याकडून चुकून होतं ना जावईबापू, ते शुक्रवारी मुद्दाम करा. चाळीस मिनिटं कुणी नको, आणि मग तीन एकदम!”

कंट्रोलर उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. आयुष्यभर दारूला न शिवलेल्या माणसाला डॉक्टरनं औषध म्हणून रोज एक पेला लिहून द्यावा, तशी त्याची अवस्था झाली होती. बायको मागून आली.

“लागलं का आईचं बोलणं?”

“नाही गं. मागच्या दोन्ही रिकाम्या नसतात. शेवटची एकच असते.”

गुरुवारी तो परत बसला. तीन रणगाडे त्यानं झाडीमागं एकत्र थांबवले. चौथी चाल, पाचवी चाल, नुसते उभे. कुणी गाडी थांबवून ठेवली की त्याचं बोट घड्याळावर जायचं. ते गेलं, त्यानं मागं घेतलं. मग तिन्ही एकदम पुलावरून सोडले. शत्रूनं एक उडवला, पण बाकीचे दोघं पार झाले. त्या संध्याकाळी जावई पहिल्यांदा जिंकला. सासूबाईंनी त्याला दुसऱ्यांदा भात वाढला आणि ताटाकडं बघत म्हणाल्या, “एक राहिलं सांगायचं. सगळे पुढं गेले तरी घरी एकजण ठेवायचा. मुख्यालय रिकामं सोडायचं नाही. वॉर्ड सोडून कधी जेवायला गेले नाही मी.”

“हो हो,” कंट्रोलर म्हणाला. तो आमटी वाढून घेत होता.

शुक्रवारी ट्रेनिंग रूममध्ये दोन कॉम्प्युटर पाठीला पाठ लावून मांडले होते. खोली वरच्या डेपोच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीखाली डेपोचं आवार. मॅनेजरसाहेबांनी दोघांना शुभेच्छा दिल्या आणि म्हणाले, “तुम्ही निवांत खेळा. तेवढा वेळ कंट्रोल मी बघतो. त्यात काय आहे?”

कंट्रोलर आणि शिट्टीबाईनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडं एकाच अर्थानं बघितलं.

“नियम एकच,” ट्रेनर म्हणाला. “एका चालीला दहा मिनिटं. दहा मिनिटांत बटण दाबलं नाही, तर हार.”

“काय वरचे, तयारी झाली?” शिट्टीबाईनं पडद्याच्या मागून विचारलं. ती त्याला नेहमी वरचे म्हणायची, ते नुसतं डेपोवरून नव्हतं, त्याच्या वर चढलेल्या नाकावरूनही होतं.

“बघू की बाई.”

खेळ सुरू झाला. कंट्रोलरनं मोटरसायकली पाठवल्या, टेकडी धरली, तोफ वर नेली. शिट्टीबाईचा पहिला रणगाडा पुलावर आला. दोन घरं सोडून दुसरा. त्याच्यामागं, बरोबर तेवढ्याच अंतरावर, तिसरा. कंट्रोलरला भरून आलं. किती व्यवस्थित! असं काम आताशा बघायला मिळत नाही. त्यानं एकेकाला तोफेनं उडवला, आणि दर वेळी मनातल्या मनात माफी मागितली.

आपले तीन रणगाडे त्यानं झाडीमागं दाबून धरले होते. बाराव्या चालीला त्याची नजर मुख्यालयाकडं गेली. तिथं पायदळाची एक तुकडी होती. बारा चाली झाल्या, तुकडी नुसती बसून. ना काम, ना धाम. सगळे तिकडं मरतायत आणि हे इकडं सावलीत! रिकामा बसलेला माणूस कंट्रोलरला बघवायचा नाही. डेपोत कुणी बाकावर टेकलेला दिसला की तो त्याला निदान टायरची हवा तरी बघायला लावायचा. त्यानं तुकडीला पुढं पाठवून दिलं, बदली म्हणून. जेवणाच्या ताटावर कुणी काहीतरी सांगितलं होतं असं त्याला पुसट आठवलं, पण आमटीच्या पुढं काही आठवेना.

सोळाव्या चालीला तिन्ही रणगाडे एकदम सुटले. शिट्टीबाईकडून नुसतं “अरे!” ऐकू आलं. अठराव्या चालीला ते तिच्या मुख्यालयाच्या दारात उभे होते, राखणदार संपला होता, फक्त त्या चालीपुरती त्यांची धाव संपली होती. पुढच्या चालीला एक घर पुढं, की जिंकलं. कंट्रोलरनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ‘चाल संपली’ दाबलं. खिडकी आपली राहिली, त्याला वाटलं. तक्ता, पेन्सिल, आवार, सगळं आपलं.

आता शिट्टीबाईची चाल. पडद्यावर दहा मिनिटांचं घड्याळ उलटं फिरायला लागलं.

आणि खाली हॉर्न वाजला. मग दुसरा. मग एकदम दहा-बारा. मॅनेजरसाहेबांचा आवाज लाउडस्पीकरवर आला, “सर्व गाड्यांनी कृपया पुढं यावं.” क्षणभरानं, “सर्व गाड्यांनी कृपया मागं जावं.” आणि मग नुसताच श्वासाचा आवाज.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कंट्रोलरनं मान वळवली, तर शिट्टीबाई दाराबाहेर. जिन्यावर तिच्या चपला ऐकू आल्या. सव्वीस वर्षं हॉर्न ऐकला की पळालेली बाई. तिचे पाय तिला विचारत नव्हते.

“आता?” कंट्रोलरनं ट्रेनरला विचारलं.

“आता काही नाही,” ट्रेनर म्हणाला. “आठ मिनिटं चाळीस सेकंद. त्या आल्या नाहीत तर तुम्ही जिंकलात. आल्या तरी तुम्हीच जिंकताय. बसून राहा.”

जगातलं सगळ्यात सोपं काम. कंट्रोलर बसून राहिला. हात मांड्यांखाली घातले. मग खुर्ची जरा खिडकीकडं वळवली, नुसती बघायला.

खाली गेटात चौदा गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, वेणी घातल्यासारख्या. मधोमध शिट्टीबाई उभी. एक शिट्टी, दोन गाड्या थांबल्या. दोन शिट्ट्या, एक सरकली. चांगलं करत होती. फारच चांगलं करत होती, आणि ते बघणं सोपं नव्हतं. त्याच्या आवारात, त्याचे ड्रायव्हर, तिच्या शिट्टीवर लहान पोरांसारखे ऐकत होते.

मग तिनं नऊ नंबरच्या गाडीला मागं यायची खूण केली.

“अहो बाई, नको!” कंट्रोलर काचेला चिकटला. “नऊ नंबरचा रिव्हर्स पडत नाही!”

काच जाड होती. नऊ नंबरच्या ड्रायव्हरनं गिअर घातला, गाडी पुढं आली. शिट्टी वाजली. पुन्हा गिअर, पुन्हा पुढं. आता ती पाण्याच्या टाकीपासून हातभर होती.

“किती राहिले?”

“चार मिनिटं,” ट्रेनर म्हणाला. “अहो, बसा. हाच नेतृत्वाचा क्षण आहे.”

“गेला,” कंट्रोलर म्हणाला, आणि तोही जिन्यावर होता.

खाली पोहोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, पण पहिलं वाक्य स्पष्ट आलं. “माझ्या आवारात शिट्टी वाजवायची नाही!”

“वा वरचे! तुमचं आवार तुमच्याच मॅनेजरनं गुंडाळून ठेवलंय, मी सोडवतेय, आणि वर हे?”

“नऊ नंबर मागं जात नाही. तिला पुढूनच वळसा द्यावा लागतो.”

“मग पाटी लावा की तसं तिच्यावर!”

“सगळ्यांना माहितीय.”

“मला नव्हतं!”

“तुम्ही वर जा. तुमची चाल आहे. दीड मिनिट राहिलंय.”

शिट्टीबाई थांबली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. “मी गेले नाही तर तुम्ही जिंकता.”

“तुम्ही गेलात तरी मीच जिंकतोय. पण इथनं जा!”

ती गेली. त्यानं नऊ नंबरला वळसा घातला, सतराला फलाटावर घेतलं, बावीसच्या ड्रायव्हरला नावानं हाक मारून हलवलं, आणि सहा मिनिटांत गेट मोकळं झालं. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून सलामी दिली. तो छाती काढून जिना चढला.

वर ट्रेनर काहीतरी लिहीत होता. शिट्टीबाई खुर्चीवर बसून होती, आणि तिचा चेहरा कुणाच्या तरी घरातली बशी हातून फुटल्यासारखा झाला होता.

“वरचे,” ती म्हणाली, “मला वाटलं काहीच करण्यासारखं उरलं नाही. मग म्हटलं, बटण दाबायच्या आधी एकदा सगळे आपले मोजून घ्यावेत. तर एक मोटरसायकल सापडली. चौथ्या चालीला पाठवली होती, तिकडं कोपऱ्यात, आणि विसरूनच गेले होते. ती तुमच्या मुख्यालयाच्या मागं उभी. आत कुणीच नव्हतं.”

“कुणीच?”

“मी दोनदा बघितलं. दार उघडंच होतं हो.”

घरी सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग एकच प्रश्न विचारला.

“पायदळ कुठं होतं?”

“बसून होतं, आई. बघवेना.”

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

सोमवारी कंट्रोलर तळघरात उतरला. छत्र्या, बूट, कवळ्या. अर्ध्या तासात त्यानं छत्र्या ज्या-त्या रूटप्रमाणं लावल्या आणि मग करायला काही उरलं नाही. तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

“वरचे, तो तुमचा उंच ड्रायव्हर सकाळची ड्युटी का घेत नाही?”

“त्याचे वडील सकाळी एकटे असतात. दुपारी बहीण येते. मग तो मोकळा.”

“बरं.” पाच मिनिटांनी पुन्हा. “आणि हा एकोणीसवाला आणि चौतीसवाला एकत्र का चालत नाहीत?”

“व्याही आहेत.”

त्या दिवशी शिट्टीबाईनं सत्तेचाळीस प्रश्न विचारले आणि त्यानं सत्तेचाळीस उत्तरं दिली. संध्याकाळी मोठ्या अभिमानानं त्यानं घरी सांगितलं.

“म्हणजे सगळा दारूगोळा पहिल्याच दिवशी उडवलात,” सासूबाई म्हणाल्या. “किती ड्रायव्हर आहेत तुमचे?”

“त्र्याऐंशी.”

“देवाची दया, छत्तीस शिल्लक आहेत. आता जपून. रोज एक उत्तर. एक उत्तर दिलं की आपण एक घर पुढं सरकायचं. घेतलेली जागा सोडायची नाही. आणि जावईबापू, ह्या वेळी संध्याकाळी परत डेपोत आणू नका.”

मंगळवारी त्यानं फोनवर सांगितलं, तळघरात आवाज नीट येत नाही, आणि टेबल जिन्याच्या पहिल्या वळणावर नेऊन ठेवलं. बुधवारी तिथं उजेड कमी वाटला. टेबल वरच्या वळणावर. गुरुवारी पॅसेजमध्ये. शिपायानं विचारलं तर “दुरुस्ती चालू आहे” म्हणाला, कसली ते शिपायानंही विचारलं नाही. मॅनेजरसाहेब रोज त्या टेबलाला वळसा घालून जायचे आणि नाही म्हणता येत नसल्यामुळं नमस्कार करायचे. लोक हरवलेल्या वस्तू शोधत पॅसेजमध्ये यायला लागले. एक बाई बाजा घेऊन गेल्या, वाजवून, खात्री करून.

पुढच्या बुधवारी टेबल कंट्रोल रूमच्या दाराला टेकलं. आता शेवटचं घर. कंट्रोलरनं रात्रभर उत्तर तयार केलं होतं, सगळ्यात अवघड ड्रायव्हरचं, आणि ते दिल्यावरच टेबल आत ढकलायचं असं घरी ठरलं होतं. त्यानं दार हलकेच लोटलं.

आत खिडकीशी, शिट्टीबाईच्या टेबलासमोर, बरोबर एका टेबलाएवढी जागा रिकामी होती. झाडून घेतलेली. कपाट भिंतीकडं सरकवलेलं, त्याच्या पायांच्या खुणा अजून फरशीवर.

“आठ दिवस लावलेत,” शिट्टीबाई तक्त्यावरून मान वर न करता म्हणाली. “गेल्या मंगळवारीच कपाट हलवून घेतलं मी. माझी पाठ धरलीय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“टेबल दिसतं हो पॅसेजमध्ये. मी शिट्टी वाजवते, आंधळी नाहीये.”

“मग बोलावलं का नाहीत?”

“पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर आला असता?”

कंट्रोलरनं विचार केला. खरं उत्तर फार चटकन आलं, म्हणून त्यानं ते दिलं नाही. टेबलाचं एक टोक धरलं. ती उठली, कमरेवर हात ठेवून कण्हली, आणि दुसरं टोक धरलं. टेबल दारात अडकलं. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं.

“पाय आधी,” ती म्हणाली.

“पाय नंतर,” तो म्हणाला.

पाय आधी गेल्यावरच ते आत आलं. खिडकीतून आवार दिसत होतं, गाड्या उन्हात उभ्या होत्या. शिट्टीबाईनं चादरीएवढ्या तक्त्याची अर्धी बाजू त्याच्याकडं सरकवली. त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि पहिल्याच ओळीवर थबकला.

“ही गाडी सहा दहाला कशी सुटेल?”

“सुटेल.”

“नाही सुटणार. तिला सुरू व्हायलाच सहा वीस होतात.”

“खालच्या डेपोत सहा दहाला सुटायची.”

“खालच्या डेपोत रस्ता उताराचा आहे!”

खिडकीखाली त्याच गाडीचा ड्रायव्हर उद्याची वेळ विचारायला आला होता. त्यानं वरचा आवाज मिनिटभर ऐकला, मग बाकावर ऐसपैस टेकला आणि डबा उघडला.